ओलं मत, सुकं मत

दिवाळीत पुण्याचा भाचा आला होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर रंगवलेलं आहे, ‘यहाँ कचरा मत डालें’. त्याने ते मुद्दाम मराठी वळणाने वाचलं आणि म्हणाला, “मामा, कचरा मत इथे टाकायचं होय? मी आपला उगाच फॅमिली ग्रुपवर टाकत होतो.”

हसलो, पण ते डोक्यात राहिलं. मराठीत मत म्हणजे अभिप्राय, आणि पेटीत टाकायचं तेही मतच. हिंदीत हे दोन्ही अर्थ आहेत आणि वर तिसरा आहे : मत म्हणजे नको. इंदूरच्या मराठी माणसाला हे तिन्ही अर्थ एकदम ऐकू येतात. कुणी ‘मत दो’ म्हटलं की द्यायचं की ठेवून घ्यायचं, ते त्याच्या सुरावरून ओळखायचं. कागदावर सूर नसतो, तिथे पंचाईत.

कचऱ्याचा विषय निघाला की इंदूरकराची मान जरा ताठ होते, ती माझीही झाली. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून सलग सात वेळा शहर पहिलं आलं; नंतर तर पहिल्या नंबरवाल्यांची पंगतच वेगळी मांडली गेली. बाहेरगावच्या लोकांना वाटतं की आम्ही फार झाडतो. झाडतात सगळीकडेच. इथे लोकांना लागलेली सवय आहे ती वेगळं करण्याची. घरातच ओला निराळा, सुका निराळा. सकाळी गाणं वाजवत येणाऱ्या गाडीला तर सहा कप्पे असतात. ओला कचरा देवगुराडियाला जातो. तिथे २०२२ साली सुरू झालेल्या प्रकल्पात दिवसाला ५५० टन ओला कचरा जिरवून त्याचा गॅस काढायची सोय आहे, आणि त्या गॅसवर शहरातल्या बस धावतात. सुका निवडून पुन्हा वापरात जातो. म्हणजे दोन्ही कामाचे. बिनकामाचा एकच, मिसळलेला. भाताची शितं लागलेला कागद ना सडून खत होतो, ना कागद म्हणून कुणी विकत घेतं.

माझं म्हणणं असं की माणसाच्या मतांचंही हेच आहे. (मतांना कचरा म्हणतोय असं कुणी धरू नये. धरायचंच तर माझ्यापासून सुरुवात करा.) काही मतं ओली असतात. ती त्या रात्रीपुरती, त्या माणसांपुरती बोलायची, सकाळपर्यंत ती जिरून जातात आणि जिरून जाण्यातच त्यांचं भलं असतं. काही सुकी असतात, घडी घालून ठेवण्यासारखी, खाली नाव घालण्यासारखी. सिनेमा, राजकारण आणि भाषा या तीन विषयांवर आपण सोशल मीडियावर दिवसभर जे लिहितो, त्यात ही दोन्ही एका पिशवीत कोंबलेली असतात, आणि भांडणाचा वास येतो तो त्या मिसळण्याचा.

ओल्या मताची जागा आमच्याकडे सराफा. रात्री सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात. भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू, आणि हातातला द्रोण संपेपर्यंत चालणारी चर्चा. साडेअकरा वाजता एखादा सांगत असतो की अमक्या हिरोला अभिनय मुळीच येत नाही, या देशाला कडक माणूसच पाहिजे, आणि पोह्यांवर सेव न घालणारा माणूस विश्वासाचा नाही. तिन्ही मतं सारख्याच ठामपणे. ऐकणारा म्हणतो, “अरे भिया, कुछ भी!” आणि विषय पुढे सरकतो. दुसऱ्या दिवशी तोच माणूस त्याच हिरोच्या सिनेमाची तिकिटं काढताना दिसतो. त्याला कुणी जाब विचारत नाही. कुणाच्या लक्षातच नसतं.

या विसरण्याची मला आता फार किंमत वाटते. दुकानात कपडा अंगाला लावून बघावा तसं माणूस मत बोलून बघतो. आरशाच्या जागी समोरचा चेहरा असतो. तो चेहरा जरा उतरला तर वाक्य मध्येच वळतं, ‘म्हणजे तसं नव्हे’ असं होतं, किंवा गिळलंच जातं. राजवाड्यापुढे रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीत, माणसं एकमेकांना काय काय म्हणतात ते लिहून काढलं तर निम्मं शहर निम्म्या शहरावर दावा लावील. पण तिथे रंग असतो, पाण्याच्या तोफा असतात, गर्दी असते. बोललेलं रंगाबरोबर वाहून जातं.

सुक्या मताची जागा वेगळी होती. इंदुरात १९४७ साली ‘नईदुनिया’ हे हिंदी दैनिक निघालं. त्याच्या संपादकांपैकी राहुल बारपुते हे मराठी माणूस. या पत्रातला वाचकांच्या पत्रांचा रकाना एके काळी घरोघर अग्रलेखाइतक्याच आस्थेने वाचला जाई. आमचे आजोबा त्या रकान्यात लिहायचे. कपड्याच्या गिरणीत कारकून, मराठी शाळेत शिकलेले. हिंदी त्यांना बोलता उत्तम येई, लिहिताना मात्र घाम फुटे. आधी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे मराठीत मजकूर. मग त्याचं हिंदी. मग ते आजीला वाचून दाखवायचं. आजी भाजी निवडता निवडता ऐकायची आणि म्हणायची, “हे मूर्ख की काय लिहिलंयत ना, त्याच्याच खाली तुमचं नाव येणार. बघा बाई कसं दिसतं.” मूर्ख जायचं. मग पंधरा पैशांच्या पोस्टकार्डावर मावेल इतकंच, कारण पाकिटाला जास्त पैसे पडत. मग वाट बघणं. आलं तर आलं.

एकदा त्यांचं पत्र नळाच्या पाण्यावर आलं होतं. नर्मदेचं पाणी १९७८ साली शहरात आलं, पण आमच्या उंच भागात ते चढत नसे, आणि आजोबांनी लिहिलं की खालच्या गल्लीतले लोक नळाला मोटर लावतात म्हणून. संध्याकाळी खालच्या गल्लीतले एक गृहस्थ तोच अंक गुंडाळून हातात घेऊन दारात उभे. आजोबांनी त्यांना आत बोलावलं. चहा झाला. भांडणही झालं, तासभर. शेवटी ठरलं की आजोबा दुसरं पत्र लिहितील, त्यात मोटरवाले सगळेच खालचे नाहीत, वरचेही दोघे आहेत, हे येईल. ते पत्रही आलं. मला त्या दोन पत्रांत काय होतं ते शब्दशः आठवत नाही, पण अंक हातात घेऊन दारात उभा राहिलेला माणूस आठवतो. छापलेल्या मताला पत्ता असतो आणि त्या पत्त्यावर कुणीही येऊ शकतो, हे त्या वयात डोळ्यांनी पाहिलं.

आता पिशवीकडे येऊ. २००९ च्या फेब्रुवारीत फेसबुकवर ‘लाइक’चं बटण आलं आणि त्याच वर्षी ट्विटरवर ‘रिट्विट’चं. यामुळे ओट्यावरच्या बोलण्याला दोन गोष्टी एकदम मिळाल्या : टाळ्यांची मोजणी आणि न पुसणारी शाई. पोस्टकार्ड, आजी, घाम, संपादक हे सगळं मधलं गेलं. आपण बोलतो ओट्यावरच्यासारखं आणि ते राहतं मात्र छापल्यासारखं. रिट्विटचं बटण ज्यांनी बनवलं त्या क्रिस वेदरेल यांनीच दहा वर्षांनी कबूल केलं की आपण बहुधा चार वर्षांच्या पोराच्या हातात भरलेलं हत्यार दिलं. फेसबुकच्या आतली कागदपत्रं २०२१ मध्ये बाहेर आली तेव्हा कळलं की २०१७ पासून काही काळ तिथे रागाच्या लाल चेहऱ्याला, आणि तशाच बाकीच्या चेहऱ्यांनाही, साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं जात होतं. कुणाची पोस्ट वर न्यायची ते त्यावरून ठरायचं. सराफ्यात जो सगळ्यात जोरात ओरडेल त्याला फुकट जिलेबी, असा नियम केला तर तिथे काय होईल ते सांगायला नको.

ओलं मत सुक्याच्या कप्प्यात पडलं की काय होतं याचं सगळ्यात वाईट उदाहरण आपल्याच मराठी मुलखातलं आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले आणि मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका मुलीने या बंदबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीने त्याला लाइक केलं. दोघींना अटक झाली. त्याच ओळी ती जेवता जेवता बोलली असती तर आई फार तर म्हणाली असती, हळू बोल. ज्या कायद्याचा तेव्हा आधार घेतला गेला ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. कलम गेलं पण सवय राहिली. आता पोलीस लागत नाही, स्क्रीनशॉट पुरतो.

आणि शिक्षा दुसऱ्यानेच करायला हवी असंही नाही. माझीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका सिनेमाचा ट्रेलर पाहून मी रात्री झोपताना लिहिलं, ‘बकवास. दोन मिनिटं सहन होईना, अडीच तास कोण बघणार.’ सकाळी अकरा जणांनी माना डोलावलेल्या. पुढच्या आठवड्यात मुलीने ओढून नेलं म्हणून तो सिनेमा पाहिला आणि मला तो आवडला. चांगलाच आवडला, मध्यंतरात मी उठलोही नाही. घरी आलो तर मोबाइलवर एकाने विचारलेलं, ‘पाहिलात का? आहे ना बकवास?’ आणि मी, साठीला टेकलेला माणूस, लिहिता झालो की संगीत बरं आहे पण एकंदरीत माझं मत कायम आहे. आठवडाभर मी त्या ‘बकवास’ची राखण केली. कुणासाठी? अकरा अंगठ्यांसाठी. बोललेलं मत मोडता येतं. लिहिलेल्याची लाज राखावी लागते, आणि लाज राखता राखता माणूस जे मानत नाही तेही मानू लागतो.

सिनेमाच्या बाबतीत हे तरी हसण्यावारी जातं. तेही नेहमी नाही. २०१७ च्या शेवटी चितोडच्या राणीवरच्या चित्रपटावरून केवढं रान पेटलं होतं. मध्य प्रदेशासह काही राज्यांनी तो दाखवू देणार नाही असं जाहीर केलं. जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आडकाठी दूर केली तेव्हा कुठे तो लागला. त्या दोन महिन्यांत आमच्या ग्रुपवर जे जे बाजूने आणि विरुद्ध लढले, त्यांच्यापैकी एकानेही सिनेमा पाहिलेला नव्हता. पाहणार कसा, लागलाच नव्हता. तरी एका शेजाऱ्याचं आणि माझं जे बिनसलं ते पुढे वर्षभर. सिनेमा पाहून आल्यावर दोघांनाही त्यात भांडण्यासारखं काही सापडलं नाही, पण तोवर बोलणं बंद झालेलं होतं.

राजकारणावर थोडकंच, कारण त्यावर सगळे लिहितात. इंदूरची हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली आणि कामगारांना त्यांची देणी मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. बत्तीस वर्षं. त्या दिवशी आमच्या फोनवर श्रेय कुणाचं यावर सकाळपासून रणधुमाळी. रात्री मी वर जाऊन मोजलं, एकशे चाळीस मेसेज, आणि त्यात पैसे किती आणि कुणाला मिळाले हे विचारणारा एक. आजोबांच्या गिरणीतल्या मित्रांच्या मुलांपैकी कुणी तिथे होतं की नाही, तेही कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही उशिराच आलं.

भाषेचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे आमची, म्हणजे महाराष्ट्राबाहेरच्या मराठी लोकांची, कातडी जळते. १६ एप्रिल २०२५ ला महाराष्ट्र सरकारने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची केली, जूनमध्ये शब्द फिरवून पुन्हा तेच आणलं, आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले. त्याच सुमारास मीरा रोडला एका दुकानदाराला मराठी बोलत नाही म्हणून मारल्याचा व्हिडिओ देशभर फिरला. त्या आठवड्यात समोरचे भाईसाब दूध आणायला जाताना मला थांबवून म्हणाले, “आपके लोग ये क्या कर रहे हैं?” घरी येऊन फोन उघडला तर पुण्याच्या चुलतभावाचा निरोप : ‘तुम्ही लोक तर हिंदीच झालात, तुम्ही यात बोलू नका.’ एका दारात मत मागितलं, दुसऱ्या दारात मत म्हटलं. भिंतीवरचं वाक्य तेच.

आमच्या शहराचा या बाबतीतला इतिहास गमतीचा आहे. १९१७ साली मराठी साहित्य संमेलन इंदुरात भरलं. दुसऱ्याच वर्षी, १९१८ ला, हिंदी साहित्य संमेलन इथेच भरलं, अध्यक्ष महात्मा गांधी, आणि दक्षिणेत हिंदी शिकवायचं काम त्या संमेलनापासून सुरू झालं. १९३५ साली तर दोन्ही संमेलनं एकाच वर्षी इंदुरात : मराठीला अध्यक्ष औंधचे पंतप्रतिनिधी, हिंदीला पुन्हा गांधीजी. सतरंज्या उचलणारी आणि पाणी देणारी माणसं निदान काही तरी दोन्हीकडे तीच असणार, असा माझा आपला अंदाज. याच मातीत मुक्तिबोधांचं घर. थोरले गजानन माधव हिंदीचे मोठे कवी, धाकटे शरच्चंद्र मराठीचे कवी आणि समीक्षक. एक आई, एक चूल, दोन भाषा. आज हे भाऊ सोशल मीडियावर असते तर थोरल्याला रोज कुणीतरी विचारलं असतं की मराठी असून हिंदीत का, आणि धाकट्याला, की हिंदी मुलखात वाढून मराठीची मिजास कशाला. कविता लिहायला वेळ मिळाला असता की नाही सांगता येत नाही.

शिवाय आमची मराठी ओली राहूनच टिकलेली आहे. ती घरात, पूजेला, भांडणाला, नाटकाच्या मध्यंतरात जगते. लिहायची वेळ क्वचित येते. म्हणून ती लिहिली की उघडी पडते. मी एकदा फॅमिली ग्रुपवर लिहिलं, ‘मला लागतं की तू चूक करून राहिला आहेस.’ इकडे हिंदीच्या सावलीत मला ‘लागतं’, म्हणजे वाटतं. पुण्याहून उत्तर आलं, ‘कुठे लागलं? हळद दाबा.’ हे विनोदात निघालं. दुसरं निघालं नाही. आमच्या एका नातेवाइकांनी कळवलं, ‘दोघा भावांचा राजीनामा झाला.’ इकडच्या कोर्टात राजीनामा म्हणजे तडजोड, दोन्ही पक्ष राजी झाले. वाड्याचा जुना दावा मिटला, ही आनंदाची बातमी होती. पुण्यात गहजब : दोघांनीही नोकरी सोडली? एकदम? एका काकूंनी तर सुस्कारा टाकून लिहिलं की तरी मी तेव्हाच म्हणत होते. काय म्हणत होत्या ते अजून कळलेलं नाही, पण ते लिहिलेलं राहिलं आणि पुढच्या लग्नाला त्या घरातलं कुणी गेलं नाही. फोनवर सांगितलं असतं तर सुरावरूनच कळलं असतं की पेढे वाटायचे आहेत.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा माझ्याकडे अभिनंदनाचे बेचाळीस निरोप आले. अर्ध्याहून जास्त रोमन लिपीत. मी कुणाला काही बोललो नाही.

या भाषावादावर माझं सुकं मत कुणाला हवंच असेल तर हे घ्या. पहिलीतल्या पोराच्या पाटीवर तिसरी भाषा सक्तीने ठेवणं चूक होतं आणि ते मागे घेतलं हे बरं झालं. दुकानदाराच्या कानशिलात मारून मराठी वाढत नाही. आमच्या शहरात मला हिंदी येत नाही म्हणून कुणी मारलं असतं तर मी हिंदीचा एक शब्द शिकलो नसतो. आणि तिसरं, जे मला बोलायला जड जातं : माझ्या मुलीला मराठी शाळेत घालायला मला कुणी अडवलं नव्हतं. इंदुरात तेव्हा मराठी शाळा होत्या. मी इंग्रजी शाळेच्या रांगेत पहाटे पाचला जाऊन उभा राहिलो. सरकारने सक्ती केली नव्हती, शेजाऱ्याने केली नव्हती. हे तीन मुद्द्यांचं मत तयार व्हायला दोन महिने लागले. पहिल्या रात्री माझं मत फार वेगळं आणि फार गरम होतं. ते मी बायकोला सांगितलं, ती “हो का” म्हणाली आणि कूस बदलून झोपली. ते तिथेच जिरलं, फार बरं झालं.

आता याच्या उलट बाजूने जे म्हटलं जातं ते खोटं नाही. ओट्याचे गोडवे गाणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारायला हवा की ओट्यावर बसायचं कोण. आमच्या वाड्याच्या ओट्यावर बायका बसत नव्हत्या, आणि काही जातींच्या माणसांना तर ओट्याची पायरीही चढू देत नसत. पत्रांच्या रकान्यातही कुणाचं छापायचं ते ठरवणारे हात ठराविकच. आमच्या वहिनींनी तीस वर्षं नाटकं पाहिली, मध्यंतरात पुरुष कोंडाळं करून मतं देत असताना त्या बाजूला उभ्या राहून पर्समधली बडीशेप वाटत होत्या. पासष्टीला त्यांच्या हाती मोबाइल आला आणि त्या फेसबुकवर नाटकांबद्दल लिहू लागल्या. आम्हा कोंडाळ्यातल्या सगळ्यांपेक्षा चांगलं लिहितात. कुठल्या पात्राचा पदर कुठे चुकला, दुसऱ्या अंकात दिवा आधी का लागला, इतकं त्यांनी तीस वर्षं साठवून ठेवलं होतं. तेव्हा चला परत ओट्यावर, असं मी म्हणणार नाही. तो ओटा मोडला ते ठीकच झालं.

दुसरा आक्षेप असा की सगळ्यांनी असं तोलून मापून लिहायचं ठरवलं तर सत्तेवरच्या माणसाला लोकांचा संताप कळणार कसा. खरं आहे. म्हणून वर्गीकरणाचा माझा नियम सगळ्यांना सारखा नाही. मंत्र्याचं, संपादकाचं, मोठ्या नटाचं मत कधी ओलं नसतं. माइक बंद आहे समजून बोललं तरी ते सुकंच, आणि ते घडी घालून ठेवायलाच हवं. हिशेब मागायचा तो तिथे. आपण करतो उलटं. कॉलेजातल्या पोरीच्या रात्रीच्या दोन ओळींचा स्क्रीनशॉट वर्षानुवर्षं जपतो आणि पुढाऱ्याचं कालचं भाषण आज विसरतो.

मग वेगळं करायचं कुणी? पोलिसाने करायचं म्हटलं तर पालघर होतं. कंपन्यांनी काही केलं, तेही माणसं मेल्यावर. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकरी माणसांना जमावाने ठेचून मारलं. अशाच अफवांनी त्या वर्षी देशात आणखीही बळी घेतले. त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एकदम पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल असं केलं, आणि २०२० मध्ये फार फिरलेल्या निरोपांना एकच. उपयोग झालाही असेल. पण ती मर्यादा संख्येची आहे, मजकुराची नाही. ग्रुपच्या ॲडमिनला धरावं म्हटलं, तर दुसऱ्याच्या पोस्टसाठी ॲडमिनला सरसकट जबाबदार धरता येत नाही असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं. बरोबरच सांगितलं. मी एका ग्रुपचा ॲडमिन आहे, माझं घरात कुणी ऐकत नाही.

इंदूरच्या मराठी माणसाला मात्र एक गोष्ट लहानपणापासून येते. उंबरठ्याच्या आत मराठी, बाहेर हिंदी. आत आलं की जीभ आपोआप वळते, कुणी पाटी लावलेली नसते. आईशी बोलता बोलता दारात दूधवाला आला तर अर्ध्या वाक्यावर भाषा बदलते आणि दूध घेऊन उरलेलं अर्धं पुन्हा मराठीत पुरं होतं. यात दुटप्पीपणा आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. कुठे काय बोलायचं याची ती जाण आहे, आणि ती जिभेला येते तर बोटांना यायला हरकत नसावी.

वहिनींना ती आली आहे. गेल्या महिन्यात आम्ही सगळे एका मराठी नाटकाहून रात्री परत येत होतो. गाडीत वहिनींचा पट्टा सुरू. नायिका किती जाड झाली आहे, तो नवरा झालेला नट संवाद विसरला की काय, दिग्दर्शकाला पहिल्या अंकानंतर झोप लागली असावी. आम्ही पोट धरून हसलो. भाचाही होता मागच्या सीटवर, त्याने विचारलं, “मामी, हे टाकणार ना उद्या?” सकाळी वहिनींनी टाकलं. नऊ ओळी होत्या. दुसऱ्या अंकातल्या एका मौनाबद्दल, ते दोन क्षण आधी तुटलं त्याबद्दल, आणि ते तसं तुटू नये म्हणून काय करता आलं असतं त्याबद्दल. जाडी नाही, झोप नाही. भाचा म्हणाला, “पण रात्रीचं सगळं कुठे गेलं?”

“रात्रीचं तुम्हाला सांगितलं की,” वहिनी म्हणाल्या आणि चहा गाळायला लागल्या.

तेवढ्यात खाली गाडीचं गाणं ऐकू आलं. भाचा उत्साहाने पिशवी घेऊन धावला. त्याने रात्रीच्या कणसांची बुरकुंडं आणि नाटकाची तिकिटं एकत्रच भरली होती. गाडीवरच्या बाईंनी पिशवीत एकदा वाकून बघितलं आणि ती तशीच त्याच्या हातात परत दिली.

“भैया, अलग करके लाओ. मैं रुकती हूँ.”